आबांची लढाई, आईच्या बांगड्या

माझे वडील, आबा, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत होते. वाळवंटात पकडले गेले, इटलीतल्या कैद्यांच्या छावणीत पडले आणि संधी साधून पळाले. डोंगरातल्या एका मेंढपाळ म्हाताऱ्याने त्यांना लपवलं, पोटाला घातलं. तेवढ्यापायी जर्मनांनी त्याला दारातच गोळी घातली. मग आबा तिथल्या बंडखोर पोरांत सामील झाले आणि परक्या मुलखासाठी युद्ध संपेपर्यंत लढले.

बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर, भाकरी खाताना ते ही गोष्ट रंगवून सांगायचे. "डोंगर आपल्या माण तालुक्यासारखंच रं, पर गवात लय," म्हणायचे. माणसं घास हातात धरून ऐकायची. आई मात्र पाटी उचलून उन्हात चालू लागायची. मला तिचा संताप यायचा. गावाला कौतुक आणि हिलाच एवढा कसला राग?

एकदा तिला तोंडावरच विचारलं.

"छावणीतनं पत्रं यायची," ती म्हणाली. "पळाल्यावर बंद झाली. मग गोळी लागून गेलं अशी खबर आली. भावकीनं दिवस घातलं, माझ्या बांगड्या फोडल्या. बाकीची पळालेली माणसं चालत आपल्या फौजंकडं गेली. ह्येस्नी बी जाता आलं असतं. त्या म्हाताऱ्यासाठी तिकडं ऱ्हायलं. हितं मी व्हते की."



आबा परतले तेव्हा तिनेच पांढऱ्या कपाळाने दार उघडलं होतं. दुसऱ्या दिवशी आबांनी कासाराला घरी आणलं. बांगड्या भरताना तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, असं भावकीतल्या बायका सांगत.

दुष्काळ सरला आणि दोनेक वर्षांनी आबांनी अंथरूण धरलं. एका दुपारी त्यांनी आईला जवळ बसवलं.

"तुझ्याकडं यायचंच व्हतं गं. पर त्या म्हाताऱ्यानं मरताना..."

"पडून ऱ्हावा. बोलू नगा," म्हणत आईने त्यांच्या तोंडाला पाणी लावलं. आबा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ऐक गं, एवढं एकदा ऐक. पण ती चुलीकडे गेली.

त्याच आठवड्यात आबा गेले.

रिवाजाप्रमाणे भावकीतल्या बायका बांगड्या फोडायला पुढे झाल्या. आईने दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले.

"एकदा फोडल्यात," ती म्हणाली. "ह्येंच्यासाठी तवाच रडून झालंय माझं. दुसऱ्यांदा न्हाई."

बायकांनी समजावलं, एकीने आवाज चढवला. आई हलली नाही. त्या बाजूला सरल्यावर ती आबांच्या उशाशी सरकली आणि त्यांचा गार हात तिने मांडीवर घेतला. हुंदका दाबायला मी तोंडात पदर कोंबला होता, तरी तिचं बोलणं मला नीट ऐकू आलं.

"त्या म्हाताऱ्यानं मरताना काय केलं म्हणत व्हता? सांगा की आवं. ऐकते मी."