वाटून घेतलेली भूक

"तुमचं यकृत आम्हाला घेता येणार नाही," नागपूरच्या डॉक्टरांनी असं सांगितलं, तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीत ताई बसली होती. माझ्यावर सुरी चालणार नाही, हे ऐकून तिने सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र काही सुचेनासं झालं. ताईचं यकृत निकामी होत चाललं होतं. व्यसन कसलंच नव्हतं, आजारच तसा निघाला. घरात रक्तगट जुळत होता तो फक्त माझा, आणि माझ्या यकृतात चरबी भरलेली! "वजन उतरवा, चरबी गेली तर पुन्हा तपासू. पण हाताशी फार वेळ नाही," एवढंच ते म्हणाले.

ताई माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी लहान होतो. तिने लग्न केलं नाही, शाळेत शिकवत राहिली आणि मला वाढवलं. फॅक्टरीत नोकरी लागली तेव्हा माझा पहिला डबाही तिनेच भरला होता. जबलपूरच्या मदन महल भागातल्या आमच्या घरात आजही मंजिरी, म्हणजे माझी बायको, भाजीत मीठ किती हे तिलाच विचारते. जबलपूरला परतताना गाडीत मी नर्मदामैयाला हात जोडले, पण मागायचं काय ते कळेना. दुसऱ्या कुणाचं यकृत मिळू दे म्हणावं, तर दुसऱ्या कुणाच्या घरी रडारड होऊ दे असा त्याचा अर्थ. ते ओठांवर येईना. जुळलेले हात मी तसेच सोडले.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून विजय नगरला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे जायला लागलो. पोळी, भात, बटाटा, साखर, सगळं बंद. शरीराला साखर मिळेनाशी झाली की ते साठवलेली चरबी जाळायला लागतं, त्या अवस्थेला कीटोसिस म्हणतात, असं त्यांनी समजावलं. जोडीला रोजचा लांब उपास. दिवस मावळायच्या आत जेवायचं, की दुसऱ्या दुपारपर्यंत फक्त पाणी. "हे स्वतःच्या मनाने वाढवायचं नाही, दर आठवड्याला रक्त तपासायचं," अशी ताकीदही दिली. उपास मला नवा नव्हता. पण आमच्या घरचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि वर शिंगाड्याचा शिरा. एकादशीला मी इतर दिवसांपेक्षा जास्तच जेवायचो! आता पनीर, अंडी, मेथी, फ्लॉवर, आणि बाकी सगळी नुसती भूक.

सुरुवातीला वजन भराभर उतरलं. मग काटा एका जागी अडून बसला. डोकं जड, पायांत गोळे, तोंडाला पिकल्या फळासारखा विचित्र वास. रोज सकाळी काट्यावर उभा राहायचो आणि उतरताना मनातल्या मनात मैयाशी भांडायचो. इकडे ताईच्या पोटात पाणी साठत होतं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

एका दुपारी ती भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात गेली. मंजिरी ओट्याशी पोळ्या लाटत होती. तव्यावरची पोळी ताईने स्वतः उतरवली, तूप लावलं आणि ताट माझ्यासमोर आणून ठेवलं.

"काहून जीव जाळून राहिला रे? माझं जे व्हायचं ते होईल. तू पोळी खा."

"ताई, नको ना."

"माझ्यापायी तू उपाशी राहतो, हे मला बघवत नाही."

ती रडायला लागली. मंजिरीने ताट उचललं. मला तिथे बसवेना. स्कूटर काढली आणि नर्मदेवर ग्वारीघाटाला आलो.

ऊन कलतं होतं. घाटावर एका कुटुंबाने मैयाला कढाई चढवली होती, म्हणजे शिऱ्याचा नैवेद्य. तुपात भाजलेल्या रव्याचा वास सगळीकडे पसरला होता. पाण्यात पाय धुऊन मी वर यायला वळलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कुणीतरी कोपराला धरलं.

"अरे भैया, सँभल के!"

साठीच्या आसपासची बाई होती. तिने मला पायरीवर बसवलं आणि पानांच्या द्रोणात शिरा आणून दिला. "मैया का प्रसाद है. खा लो, ताकत आ जाएगी."

प्रसादाला नाही कसं म्हणायचं? माझा हात पुढे झालाही. पण ती भक्ती नव्हती, भूक होती, हे माझं मला कळत होतं. द्रोण हातात तसाच राहिला आणि मला रडू कोसळलं. "दीदी, मैं नहीं खा सकता," म्हणालो, आणि घरी कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं त्या अनोळखी बाईला सांगून बसलो. वजन हलत नाही, ताई वाचेल असं वाटत नाही, माझ्याने हे होत नाही.

 तिने माझ्या हातातला द्रोण घेतला, तिचा स्वतःचा न उष्टावलेला द्रोणही त्याच्याशेजारी ठेवला आणि दोन्हींवर पान झाकलं.

"तो आज हम भी नहीं खाएँगे, भैया. अकेले भूखे मत रहो."

वरून तिच्या सुनेने हाक मारली, "अम्मा, खा लो, कुंडम पहुँचते देर हो जाएगी."

"तुम लोग खाओ. मेरा आज उपास है."

मग तिने पूजेच्या नारळाचा तुकडा माझ्यापुढे धरला. "ये तो चलेगा ना?" नारळ चालत होता. मी चावत राहिलो आणि ती शेजारी बसून राहिली. थोड्या वेळाने तिने ताईचं नाव विचारलं, पाण्याकडे बघून ते हळूच उच्चारलं आणि उठून आपल्या माणसांत निघून गेली. तिचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंना चक्कर आल्याचं सांगितलं. त्यांनी रक्त तपासलं, मीठ कमी पडतंय म्हणाल्या आणि मीठ घातलेलं लिंबूपाणी सुरू केलं. अंगात त्राण आलं, पुढे काटाही हलला. कशामुळे काय झालं याचा हिशेब मी मांडत नाही. एवढं खरं, की त्या दिवसानंतर उपासाशी माझं भांडण उरलं नाही. सकाळी मैयाला म्हणायचो, आजची भूक तुझी, पुढचं तू बघ. भूक लागायचीच, पण तिच्यात एकटेपणा नसायचा.

नागपूरला पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, "आता घेता येईल." ताईने पदर तोंडाला लावला.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी, हात धुऊन, तोंडाला मास्क लावून मला तिच्या खोलीत नेलं. डोळ्यांतला पिवळेपणा उतरू लागला होता.  मला बघून ती बारीक आवाजात म्हणाली, "भूक लागली रे मला."

आजाराने तिची अन्नावरची वासनाच मारली होती. कित्येक महिन्यांत हे शब्द तिच्या तोंडून ऐकले नव्हते. नर्सने मऊ वरणभात आणला. पहिला घास मी भरवला. मी काही दिलं असं तेव्हा वाटलंच नाही. माझ्या हातून जे व्हायचं होतं ते कुणीतरी करवून घेतलं, आणि मी आड आलो नाही, इतकंच. ताईने घास गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं.