पिवळ्या पळसाचं ठिकाण

पळसाचं शास्त्रीय नाव ब्यूटिया मोनोस्पर्मा. मोनोस्पर्मा म्हणजे एकाच बीचा. मुलगी जळगावला वनस्पतिशास्त्र शिकते. तिने हे सांगितलं तेव्हा माझी खात्री पटेना. मे महिन्यात मी वीस शेंगा सोलल्या. एकोणीस शेंगांत टोकाशी एकेकच चपटी बी निघाली, विसावी पोकळ होती.

पुढच्या फाल्गुनात तिला फुलं वाळवून नमुने करायचे होते, म्हणून आम्ही यावलच्या वर सातपुड्यात गेलो. उतारभर केशरी पळस. मी एकशे बारा झाडं मोजली आणि थांबलो. समोरचं झाड शेंड्यापासून खालपर्यंत पिवळं होतं. शेजारच्यासारखंच वाकडं खोड, तशीच काळी मखमली कळी, आणि आत हा रंग! मी टोपी काढून उभा राहिलो. का, ते सांगता येणार नाही.

"ल्यूटिया," मुलगी हळूच म्हणाली. "मूळ नावापुढे एवढंच जोडतात. अर्थ, पिवळा."

शेळ्या चारणारे एक म्हातारे जवळच बसले होते. मी विचारलं, "आबा, असं आणखी कुठे आहे?"

"व्हतं एक. लोकेस्नी मुळं खंदी टाकं. पिवया पयसखाल धन ऱ्हास म्हने!"

"मुळाशी खणून धन सापडलं का?"

"सापडनं ना! वायेल खोड!" वाळलेलं खोड, एवढंच धन! ते मोठ्याने हसले. मग म्हणाले, "भाऊ, कोनले सांगू नको."

मी मान हलवली. पण तोवर माझ्या डायरीत रस्त्यापासूनची पावलं, नाल्याचं वळण, खोडाचा घेर, सगळं उतरलं होतं.

खाली पडलेली चार फुलं आम्ही आणली. ती वाळल्यावर कागदावर चिकटवून मुलगी चिठ्ठी लिहायला बसली. नाव, कुळ, तारीख. 'ठिकाण'पाशी थांबली.

"अपुरं लिहिलं तर गुण कापतात, बाबा."

हे कागद कॉलेजच्या कपाटात वर्षानुवर्षं राहतात. कुणीही काढून वाचावेत. मी आजवर कुठलाही रकाना अर्धा सोडलेला नाही.

"तालुक्यापर्यंतच लिही," मी म्हणालो आणि डायरीतलं ते पान फाडलं.

तिचे दोन गुण गेले.

यंदा पुन्हा गेलो. लांबूनच पिवळं दिसलं, तरी धीर येईना. जवळ जाऊन खोडाभोवती फिरलो, सालीवरून हात फिरवला, वाकून मुळाशी पाहिलं. माती कुठे उकरलेली नव्हती, कुऱ्हाडीचा एकही घाव नव्हता. मग मान वर केली आणि बराच वेळ तशीच ठेवली.