पड आणि पडीक

सरकारी मराठी वाचली की माझं डोकं फिरतं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर सावेडीच्या फ्लॅटमध्ये बसून तीच सरकारी मराठी लिहायचं काम पत्करलं. भोग म्हणायचे, दुसरं काय. एक एजन्सी इंग्रजी कागद पाठवते, मी त्याचं मराठी करून देतो. खाली नाव कुणाचंच नसतं.

दोनेक वर्षांपूर्वी समुद्राचा आराखडा आला. मी काष्टीचा, आमच्याकडं पाणी म्हणजे विहीर, नाहीतर कॅनॉल. पण वाचत गेलो आणि आवडलं. मासळी संपू नये, जहाजांना वाट राहावी आणि आत समुद्रातच पवनचक्क्या उभारून वीज करावी, म्हणून पाण्याची आखणी केली होती. समुद्राचा सातबाराच म्हणा ना. शिवाय माझी एकुलती एक मुलगी तिकडं कोकणात नांदते. संगमनेरला कॉलेजात असताना तिनं स्वतःच जमवलेलं लग्न. तिचे सासरे कोळी. समुद्रात ठरलेल्या जागी जाळं बांधायचं, भरती-ओहोटीच्या ओढीनं मासळी आत येते, अशी त्यांची पद्धत. ती जागा त्यांच्या आजोबांपासूनची. अशा माणसांना समजेल असं लिहायचं, हे मी ठरवून टाकलं. लई शहाणा ना मी!

एका यादीत काही तुकड्यांपुढं इंग्रजीत लिहिलं होतं, की पाहणीत इथं कुठलाही वापर आढळला नाही. 'वापर न आढळलेले क्षेत्र' असं मी आधी लिहिलं. मग खोडलं. असली लाकडी भाषा कोण वाचणार? तिथं घातलं, 'पडीक क्षेत्र'. एकच शब्द, आणि किती चपखल. त्या खुशीत मी दोनदा चहा प्यायलो.

आराखडा जाहीर झाला, हरकतींना मुदत दिली गेली. मुलीनं सासरच्या ओटीवर तो सगळ्यांना वाचून दाखवला. नकाशा इंग्रजीत, तोही शेवटी जोडलेला. तुकड्यांची ओळख नुसती अक्षांश-रेखांशांत. सासऱ्यांनी विचारलं, "पडीक म्हणजे कुठलं गो?" ती म्हणाली, खाडीमागचा तो उजाड माळ असणार. ते सगळ्यांना पटलं. समुद्र कधी पडीक असतो का? वाडीतल्या कुणीही हरकत घेतली नाही.

मुदत संपली आणि पवनचक्क्यांसाठी वारा मोजायचं यंत्र घेऊन बोट आली. सासऱ्यांच्या जागेभोवती हद्दीचे पिवळे तरंगते बोये पडले. तेव्हा उलगडा झाला. पाहणी झाली होती पावसाळ्यात, मासेमारी बंद असते तेव्हा. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी घरात. पाहणीवाल्यांना वापर दिसणार कुठून? सासरे कचेरीत गेले. तिथल्या साहेबानं कागदावर बोट ठेवलं, "पडीक लिहिलंय. तुम्ही हरकत का घेतली नाही?"

हे मला जावयानं फोनवर सांगितलं. घरात मुलीला कुणी काही बोललं नाही म्हणे. फक्त सासरे आता तिच्याकडून कुठलाच कागद वाचून घेत नाहीत. वीजबिल आलं तरी शेजारच्या घरी जातात.

फोन ठेवला आणि मला माझे वडील आठवले. आमचं रान एखाद्या वर्षी मोकळं ठेवलेलं असायचं. कुणी पडीक म्हटलं की ते खवळायचे. "पडीक न्हाई त्ये. पड टाकलंय. इसावा घेतंय रान." पड टाकलेल्या रानाला मालक असतो, त्याच्या मनात पुढचं पीक असतं. पावसाळ्यातला तो समुद्रही पडच होता. हे मला कळायला हवं होतं. कुणब्याच्या पोटी जन्मलो, मराठीचा मास्तर म्हणून मिरवलो, आणि नेमका तोच शब्द चुकलो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काही नाही.

मी तिकडं गेलो. सगळ्यांसमोर कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो, पण आधी मुलीला मागच्या पडवीत गाठलं आणि सांगितलं, "बाई, तो शब्द माझा होता."

ती भांडी विसळत होती. तिनं वर पाहिलं नाही. "मला माहीत होतं, आप्पा. वाचतानाच कळलं. असा शेतातला शब्द दुसरं कोण घालणार? आणि तुम्ही लिहिलंय म्हणजे पडीक म्हणजे पडीकच, माळच असणार, असं मी धरून चालले. तुम्ही शब्दाला चुकत नाही ना."

"मग घरात सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला इथं यायचं असतं, चार घास खायचे असतात." तिनं पदराला हात पुसले. "आता सांगून जागा परत मिळणार आहे का?"

मला रडू आवरेना. तिनं मला पाणी दिलं आणि ताटं घ्यायला आत गेली.

जेवताना सासऱ्यांनी स्वतः माझ्या ताटात बांगडा वाढला. "विकतचा आहे गुरुजी, चालवून घ्या. यंदा जाळं बांधलं नाय." मग म्हणाले, "पोरीला नका बोलू काही. देशावरची ती. तिला समुद्रातलं काय कळणार?"

मी सांगायला तोंड उघडलं. ती त्यांच्यामागं भाताचं पातेलं घेऊन उभी होती. तिनं नुसती मान हलवली, नको म्हणून. मी भात कालवला आणि जेवलो.