बेचाळीस दारांचा पोळा

मला कोणी बोलावले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. शोभाताई आमच्या पुण्याच्या शाळेत वीस वर्षे सेविका होत्या. निवृत्त झाल्यावर त्या नवऱ्याबरोबर गावी राहायला गेल्या, जामखेडच्या अलीकडे. दर दिवाळीला फोनवर म्हणायच्या, "बाई, या की एकदा." असे म्हणायचे असते आणि ऐकणाऱ्याने ते सोडून द्यायचे असते, एवढी रीत मला कळते. तरी श्रावण संपत आला तेव्हा मीच फोन केला. "शोभाताई, पोळ्याला येते. मला खरा पोळा बघायचाय." पलीकडे त्यांनी नवऱ्याला काहीतरी विचारले. मग त्या म्हणाल्या, "या की. त्यात काय."

पहाटे शिवाजीनगरहून नगरची गाडी पकडली. जिल्ह्याचे नाव बदलले, पाट्या बदलल्या, पण कंडक्टर ओरडताना नगरच ओरडतो. तिथून जामखेडची दुसरी एसटी. कंडक्टरने तिकीट फाडताना विचारले, "सनाला माहेरी का?" म्हटले, पोळा बघायला चाललेय. तो हसला. "बैलं कुठं ऱ्हायली आता? ट्रॅक्टरलाच हार घालत्यात लोकं." मला वाटले, याला काय कळते. मी आयुष्यभर भूगोल शिकवला. पठार, पर्जन्यछाया, कोरडवाहू शेती हे सगळे फळ्यावर काढून दाखवले. उंटावरून शेळ्या हाकण्याची मला जुनी सवय आहे.

फाट्यावर शोभाताईंचे यजमान बाजीराव मोटारसायकल घेऊन उभे होते, मागे दुधाचा रिकामा कॅन. तो मांडीवर घेऊन मी बसले. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी बाजरी, मध्येच उडदाचे पट्टे, आणि लांब बालाघाटचे बोडके डोंगर. पाऊस बेताचाच झालेला. बाजीराव वाटेत तीन वाक्ये बोलले असतील, त्यातली दोन खड्ड्यांबद्दल.

रान तीन एकर. घर दोन खोल्यांचे, पुढे पत्र्याचा गोठा. त्यात दोन जर्सी गाई, सहा शेळ्या, आणि वेगळ्या दावणीला बैलजोडी. तांब्या तांबूस रंगाचा, मोठ्या डोळ्यांचा, कुणीही हात पुढे केला की चाटणारा. हौशा पांढरा आणि संशयी. नाव कुणी ठेवले देव जाणे, हौस म्हणून अंगात नव्हती. शेळ्यांबद्दल एवढेच सांगते, की मी हातपाय धुवून येईपर्यंत त्यांतल्या एकीने माझी गवताची टोपी अर्धी खाल्ली होती. शोभाताई पोट धरून हसल्या. "बाई, तिला वाटलं तुमी वैरन आनलीय!"

इथला दिवस पाचला सुरू होतो. शेण काढायचे, कुट्टीच्या यंत्रात कडबा घालायचा, धारा काढायच्या, सातच्या आत दूध संकलन केंद्रावर पोचवायचे. मग शेळ्या, मग पाणी, मग परत शेण. दुपारी चारला पुन्हा तेच. मी एकदा धार काढायला बसले. गाईने मान वळवून माझ्याकडे असे पाहिले, की मी उठलेच. जेवायला हुलग्याचे शेंगुळे (पिठाच्या वळ्यांची झणझणीत आमटी) आणि बाजरीची भाकरी. चार घास जास्तच गेले.

जेवताना मी विचारले, उद्या मिरवणूक किती वाजता? शोभाताईंनी नवऱ्याकडे पाहिले.

"औंदा मिरवनूक न्हाई," बाजीराव म्हणाले. "मारुतीला न्यायचं अन माघारी. गावात आता ही येकच जोडी हाय. घरोघर बोलावत्यात अन चारत्यात. गेल्या पोळ्याला तांब्या फुगला हुता. दोन दिस उठला न्हाई. डॉक्टर म्हनले, परत आसं झालं तर हाती लागायचा न्हाई."

तांब्या घरच्याच गाईचा. त्याच्या आणि हौशाच्या जिवावर बाजीराव गावभरच्या पिकांत कोळपणी (ओळींमधले तण काढणे) करत. ट्रॅक्टर घातला तर पीक तुडवले जाते. जोडी गेली तर दुसरी आणणे या वयात होणार नव्हते. हे सगळे त्यांनी मला नीट सांगितले होते. मला माहीत नव्हते असे म्हणायची सोय नाही.

संध्याकाळी खांदेमळणी झाली. बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकून त्यांना हळद आणि तूप चोळले. बाजीराव बैलांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी फोटो काढले.

सणाच्या दिवशी शिंगे रंगली, बेगड लागली, पाठीवर झुली चढल्या. तांब्या लग्नातल्या नवरदेवासारखा गुमान उभा. दुपारपासून माणसे येऊ लागली. आधी एक म्हातारे, मग सरपंचांचा भाऊ, मग दोन बायका ताट घेऊनच. सगळ्यांचे एकच: आमच्या दारी जोडी आणा, बैलाचे पाय लागल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. बाजीराव प्रत्येकाला हात जोडून सांगत होते, औंदा न्हाई, जनावराला सोसत न्हाई. ते ठाम होते. मी इथे मध्ये पडले नसते तर ठामच राहिले असते.

"बाजीराव," मी म्हटले, "एक फेरी मारून आणायला काय हरकत आहे? मी सोबत येते. घरटी बैलामागे एकच पोळी, त्याच्यावर घास नाही. तीस वर्षे परीक्षेच्या वर्गावर उभी राहिलेय मी, कुणाला कॉपी करू दिली नाही."

खरे कारण वेगळे होते. मी दोन गाड्या बदलून आले होते, आणि मला रिकामा रस्ता बघून परत जायचे नव्हते.

बाजीराव झुलीची गाठ पुन्हा आवळू लागले. शोभाताई हळूच म्हणाल्या, "बाई इतक्या लांबून आल्यात." बाजीरावांनी कासरे सोडले.

काय सुंदर फेरी झाली! पुढे हलगी, मागे शोभाताई आणि पोरेबाळे, दारोदार सडा. बाई पुढे येऊन बैलाच्या पायांवर पाणी घाली, कुंकू लावी, आणि पोळी पुढे करी. मी बोट वर करून उभी. "एकच हं!" लोक हसून ऐकत. कुणी दुसरी पोळी काढली तर मी ताटात परत ठेवायला लावी. कुणी वर ओंजळभर गहू दिले, कुणी वाटीभर खीर. ती पोळी नव्हती, म्हणून मी मोजली नाही. हौशाने दहाएक दारांनंतर तोंड फिरवले. तांब्या प्रत्येक हाताला चाटत राहिला. शेवटच्या दारची पोळी मी स्वतः त्याला भरवली आणि शोभाताईंना फोटो काढायला लावला. दारे बेचाळीस झाली. नियम कुणीही मोडला नाही. बेचाळीस वेळा एक म्हणजे किती, हा हिशेब भूगोलाच्या बाईंना सुचला नाही.

सकाळी तांब्याने वैरणीला तोंड लावले नाही. रवंथ बंद. डावी कूस ढोलासारखी फुगलेली, आणि तो दात खात होता. तो करकर आवाज मी कधी विसरेन असे वाटत नाही. डॉक्टर अकराला आले. तरुण पोरगा, बोलायला तुसडा, पण हात मायाळू. नळीने सोडा पाजला, तेल पाजले, इंजेक्शने दिली, शेवटी कुशीत सुई घालून वारा काढला. गोठ्याभोवती गाव जमले होते.

"किती पोळ्या घातल्या?" डॉक्टरांनी विचारले.

"आमी येकच."

"आमी बी येकच दिली, बाईंनी दुसरी देऊ दिली न्हाई."

"येकच की!"

सगळे खरे बोलत होते. "बेचाळीस," मी म्हटले. "शिवाय गहू आणि खीर." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा कामाला लागले. बाजीराव तांब्याच्या डोक्याशी बसून रॉकेलच्या चिंधीने शिंगांचा रंग पुसत होते. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आले नसते. तीनच्या सुमारास तांब्याने मान टाकली.

जेसीबी आणून बांधाकडेला खड्डा काढला. ज्यांनी चारले तेच हार घेऊन आले. एक गृहस्थ म्हणाले, "भाग्याचं मरान. सनाचं खाऊन गेला." त्यांच्या तोंडात मारावीशी वाटली. पण माझा हात उचलायचा अधिकार आदल्या दुपारीच संपला होता.

मी बाजीरावांसमोर गेले. म्हटले, "माझ्यामुळे झालं." ते म्हणाले, "तुमचा काय दोष न्हाई बाई. पाव्हन्याला न्हाई कसं म्हनायचं?" भीड ही भिकेची बहीण, असे आपण मुलांना शिकवतो. ती भीड मी त्यांना घातली, आणि वर त्यांनीच माझी समजूत काढली. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी शोभाताई फाट्यापर्यंत आल्या. माणूस रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून त्यांनी पिशवीत डबा घातला. मी नको म्हणाले नाही. आता कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

नगरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागायची होती. बाकावर बसून डबा उघडला, चार पुरणपोळ्या. वास लागून एक भटकी गाय आली, समोर उभी राहिली, आणि तोंड थेट डब्याशी आणले. शेजारचे आजोबा म्हणाले, "द्या की बाई. सनाचं हाय. पुन्य लागंल."

मी एक पोळी मोडली आणि तोंडात घातली. मग दुसरी. मला साखरेच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांची सक्त ताकीद आहे, आणि भूक तर मुळीच नव्हती. गाय बघत होती. चौथीला घास घशात फिरू लागला, तो पाण्याबरोबर ढकलला. डबा पुसून कोरडा केला तेव्हा कुठे ती पुढच्या बाकाकडे गेली.

"काय माणसं असत्यात," आजोबा पलीकडच्या बाईला म्हणाले, मला ऐकू येईल असे. "मुक्या जनावराला येक घास दिला न्हाई."

गाडी लागली. मी पिशवी उचलली आणि चढले.