पूजेआधी बसवलेलं मडगार्ड

इथे परदेशात, हिल्सबरोतल्या आमच्या गॅरेजमध्ये बरेच महिने एक गाडी तयार होत होती. सुटे भाग खोक्यांतून आले होते आणि माझा नवरा सुट्टीच्या दिवशी ते जोडत बसे. गाडी दोनच माणसांची, बिनछपराची, वजनाला अगदी हलकी. शेवटी पुढची दोन मडगार्डं राहिली होती. ती बसली की तपासनीस गाडी पाहणार होता, आणि त्याने मंजुरी दिल्याशिवाय ती रस्त्यावर नेता येत नव्हती.

सासूबाई तेव्हा पुण्याहून आल्या होत्या आणि रविवारी परत निघणार होत्या. गुडघ्यांमुळे एवढा प्रवास पुन्हा झेपायचा नाही, हे त्यांनी आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. आईला एकदा या गाडीतून खाडीकाठच्या रस्त्याने फिरवून आणायचं, असं नवऱ्याने ठरवलं होतं. तपासणीची वेळ शुक्रवारची मिळाली. म्हणजे फिरायला एक शनिवार उरत होता.

गाडीचं अंग फायबरचं होतं. त्यात पाडलेलं भोक परत घेता येत नाही. म्हणून आधी कागदी चिकटपट्टी लावून खुणा केल्या. मी मडगार्ड धरून उभी राहिले. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये सगळीकडे सारखी जागा राहते का, हे नवरा बोटं घालून पाहत होता. सासूबाई दारातल्या घडीच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "आम्ही भाताचं पाणी मोजतो, तसंच की रे हे."

खरं तर हे मोजताना गाडीत माणसं बसलेली हवीत. वजनाने गाडी दबते, चाक वर सरकतं आणि जागा कमी होते. नवऱ्याला हे ठाऊक होतं. तो मला म्हणाला, "तू जरा आत बस गं."

"पूजेआधी कोणी बसायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी स्कूटर आणली, तेव्हा हार घालेपर्यंत हातात धरून ढकलत आणली होती."

"आई, ही गाडी आहे की नवरी?"

"तुझ्या बायकोला विचार. तिच्यापेक्षा हिच्याकडेच जास्त वेळ असतोस."

तो हसला. आम्ही दोघंही पूजाअर्चा फारशी करणारे नाही, पण आठवड्याभरात निघणाऱ्या माणसाशी वाद घालण्यासारखं ते वाटलं नाही. त्याने अंदाजाने थोडी जास्त जागा सोडली आणि रिकाम्या गाडीवर भोकं पाडली.

गुरुवारी सकाळी पूजा झाली. जवळच्या पुकेकोहे गावाहून आणलेल्या फुलांचा हार, हळदकुंकू, नारळ, चारी चाकांखाली लिंबं. सासूबाई पदर खोचून डाव्या बाजूला बसल्या आणि नवऱ्याने गाडी सुरू केली. गेटपर्यंतच जायचं होतं. ड्राइव्हवे वळतो तिथे पावसाच्या पाण्यासाठी एक उथळ चर आहे. वळताना डावं चाक चरात उतरलं आणि खर्रकन आवाज आला. नवऱ्याने इंजिन बंद केलं.

"थांबलास का? लिंबू फुटलं असेल," सासूबाई म्हणाल्या.

"लिंबं मागेच फुटली, आई."

तो उतरला, वाकला आणि मडगार्डाच्या आतल्या कडेवरून हात फिरवला. टायरच्या रबराने हात काळा झाला. माझ्याकडे पाहत तो म्हणाला, "आतली कड ग्राइंडरने घासली तर उद्या निभावेल. परवा फिरून येऊ."

"आणि मग?" सासूबाईंनी गाडीतूनच विचारलं.

"तू गेलीस की सगळं काढून नीट बसवीन."

"म्हणजे मी असताना कच्चं आणि मी गेल्यावर पक्कं?"

त्याने काळा हात फडक्याला पुसला.

"काढ ते आत्ताच. पूजा झालीय ना? मग मी बसते इथे. किती वेळ लागेल?"

"दुपार जाईल. आणि जुनी भोकं बुजवून ती वाळेपर्यंत उद्याची वेळ सोडावी लागेल, आई. मग आपलं फिरणं..."

"कळतंय मला. काढ."

त्याने तपासनीसाला फोन केला. तो "स्वीट अ‍ॅज", म्हणजे काही हरकत नाही, असं म्हणाला आणि त्याने सासूबाई गेल्यानंतरची तारीख दिली.

गाडी ढकलत गॅरेजमध्ये नेली. मोजमाप घ्यायला नवरा बाहेर हवा होता, म्हणून त्याच्या जागेवर तांदळाच्या पिशव्या ठेवल्या. सासूबाईंनी मांडीवर मेथीची जुडी घेतली आणि शेजारी पाहून म्हणाल्या, "हा काही बोलत नाही. अगदी तुझ्या बाबांसारखा." नवऱ्याने चाकाखाली जॅक लावून ते वर उचललं, वळवलं, पुन्हा खाली सोडलं. मधूनमधून तो म्हणायचा, "आई, हलू नकोस." त्या म्हणायच्या, "तुझी गाडी हलत नाही, मी कशाला हलू?" मेथी निवडून झाली तेव्हा नवीन भोकं पाडून झाली होती, जुन्यांच्या थोडी वर. रविवारी त्यांना विमानतळावर नेलं ते आमच्या रोजच्या गाडीतून.

जुनी भोकं बुजवून वर रंग दिला आहे. माहीत असलं तर दिसतात. माझं वजन सासूबाईंपेक्षा कमी आहे. त्यामुळे मी बसले की डाव्या बाजूला जागा जराशी जास्त राहते. नवऱ्याने ती तशीच ठेवली आहे.

मंजुरी मिळाली त्या आठवड्यात आम्ही खाडीकाठच्या रस्त्याने गेलो. परतल्यावर त्याने पुण्याला फोन लावला. खाडी कशी दिसली, हे त्यांनी विचारलं नाही.

"घासलं का कुठे?"

"नाही."

"मग बरोबर बसले होते मी."