काळजीवाहू पंतप्रधान

काशिनाथकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गावर होते. फळ्यावर भागाकार अर्धा राहिला होता. फोन यमुनाकाकींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. "सुमन, हे गेले. तुला कळवायला सांगितलं असतं त्यांनी, म्हणून केला," एवढंच बोलून त्यांनी ठेवला. मी भागाकार पुरा केला, बाकी किती उरली ते मुलांना विचारलं, आणि घंटा झाल्यावर खर्डीहून रिक्षा केली. रडू आलं नाही. काकांसाठी रडायचा हक्क मी नऊ वर्षांपूर्वीच घालवला आहे, असं रिक्षात बसून सारखं वाटत होतं.

शेवटची भेट त्याआधी चारेक महिन्यांची. आई गेल्यानंतर वारसनोंदीच्या कामासाठी मी शहापूरला कचेरीत गेले होते. बाहेरच्या बाकावर बसून होते, तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन बसलं. बघते तर काका. हातात पिशवी, डोक्यावर तीच मळकी टोपी. नऊ वर्षांत आमचं बोलणं नव्हतं. लग्नकार्यात दिसले तर मी पंगत बदलायची. त्या दिवशी उठून जायला जागा नव्हती आणि खरं सांगायचं तर उठावंसंही वाटलं नाही. दोन तास ते नुसते बसून राहिले. माझं नाव पुकारलं, मी आत जाऊन आले, तेव्हा म्हणाले, "काम झालं का गो?" मी म्हटलं, झालं. "मंग मी निघतो. गाडीचा टाइम झाला." माझ्या ओठांवर एक वाक्य आलं होतं... ते जिन्याकडे वळले आणि मी ते गिळलं. त्यांचंही काही काम असेल कचेरीत, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आता हे वाचणाऱ्याला देशाबद्दल सांगायला हवं. आमचा एक देश आहे. हसू नका. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या हद्दीवर एक कातळ आहे, चार बैलगाड्या उभ्या राहतील एवढा. काशिनाथकाका वायरमन होते. एका वादळात त्या कातळावरचा विजेचा खांब पडला आणि खालच्या पाड्यावर अंधार झाला. काका इकडच्या साहेबांकडे गेले तर खांब तिकडचा, तिकडच्या साहेबांकडे गेले तर इकडचा. शेवटी त्यांनी आणि माझ्या बाबांनी पाड्यावरची माणसं जमवून खांब स्वतःच उभा केला. बाबा रेल्वेत गँगमन होते, जड वस्तू हलवायचं त्यांना वेड होतं. खांब उभा राहिल्यावर घाम पुसत बाबा म्हणाले, "दोघंबी याला आपला म्हणत नाय, तर हा देश आपला." झालं! मधला देश असं त्याचं नाव पडलं. नागरिक अठरा, त्यात आमच्या बौद्धवाडीतले, काकांच्या कुणब्यांच्या वरच्या आळीतले आणि पाड्यावरचे.

थट्टा थट्टेपुरती ठेवावी, तर बाबा कसले ऐकतात! ज्या देशाला घटना नाही तो देश नाही, असं म्हणून त्यांनी शंभरपानी वहीत घटना लिहिली. पहिलं कलम, सगळ्यांनी एका भांड्यातलं जेवायचं. दुसरं, कातळावर कुणाचंही नाव, फोटो, पाटी लावायची नाही. तिसरं पंतप्रधानाचं. दर वर्षी भात झोडून झालं की पहिल्या रविवारी नवा पंतप्रधान, आणि त्याचं काम एकच. ज्या नागरिकाला कचेरीत, दवाखान्यात, बँकेत एकट्याने जायची भीती वाटते, त्याच्याबरोबर जाऊन बसायचं. मध्ये बोलायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. पदभार घ्यायची रीतही लिहून ठेवली होती. मावळत्या पंतप्रधानाने नव्याला सगळ्यांदेखत आपल्या हाताने पाणी द्यायचं आणि त्याने ते तिथंच प्यायचं. हे कलम बाबांनी का घातलं ते कुणी विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती. देश झाला त्या दिवशी बाबांच्या तांब्यातलं पाणी सगळ्यांत आधी प्यायले ते काशिनाथकाका, आणि ते प्याले तेव्हा त्यांची अर्धी भावकी बांधावर उभी होती.

पहिले पंतप्रधान अर्थात बाबा. त्यांच्यानंतर पाड्यावरची पारूआजी, जिने वर्षभरात इतक्या जणांबरोबर दवाखान्यात बसून घेतलं की नर्सबाई तिला हजेरी मांडू का विचारायच्या. एक पंतप्रधान मुरबाडच्या जीपवर ड्रायव्हर होते, त्यांच्या काळात आमचं सरकार कायम कल्याणला असायचं. काकांचा नंबर आला की ते पुढच्याला ढकलायचे. "मी हाये ना वही लिवायला," म्हणायचे. इतिवृत्ताची वही त्यांच्याकडे असे. ज्या वर्षी मी पंतप्रधान झाले, त्या वर्षी मात्र यमुनाकाकींनी त्यांना दम भरला आणि पुढचं वर्ष काकांचं, असं सर्वानुमते ठरलं.

माझी मुदत संपायला महिना असताना बाबा गेले. सभेच्या दिवशी मी कातळावर एक पाटी घेऊन गेले, बाबांच्या नावाची. काळा दगड, पांढरी अक्षरं. काका उठले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "दुसरं कलम हाये, सुमन. तुझ्या बापानंच लिवलंय." ते मला ठाऊक होतं. लहानपणी ती वही मी पाठ केली होती. पण बाप गेलेल्या माणसाला कलम नको असतं. मी म्हटलं, "वरच्या आळीतलं कुणाचं नाव असतं तर कलम आठवलं नसतं तुम्हाला. चारचौघांत पाणी पिऊन दाखवलंत म्हणून मन धुतलं जात नाही, काका." भरल्या सभेत म्हटलं. ज्या माणसाने माझ्या बापाच्या तांब्यासाठी भावकीशी वैर घेतलं, त्याला म्हटलं. मग पाटी उचलली आणि निघून आले. त्यांना पाणी दिलं नाही.

तिथं घटनेची पंचाईत झाली. रागावून निघून जाणारा पंतप्रधान बाबांच्या डोक्यातच आला नव्हता, त्यामुळे त्याचं काय करायचं हे वहीत कुठंच नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी काकांना पाणी द्यावं, विषय संपवावा, असं लोक म्हणाले. काका ऐकेनात. पद जिच्या हातात, पाणी तिच्याच हातचं. तोवर मी काळजीवाहू, असं त्यांनी सांगून टाकलं. हे माझ्या कानावर यायचं आणि मला वाटायचं, म्हातारा हट्टाला पेटलाय, मला खाली बघायला लावतोय. मीही हट्टाचीच. पाटी आमच्या माळ्यावर पडून होती आणि दर वर्षी भात झोडून झालं की मला त्या रविवारी हमखास काहीतरी काम निघायचं.

काकांचे दिवस झाल्यावर मी काकींना भेटायला गेले. भिंतीवर काकांचा फोटो नव्हता. मी बघत्येय हे काकींनी ओळखलं. "नको म्हणाले होते," त्या म्हणाल्या, आणि फडताळातून इतिवृत्ताची वही काढून माझ्यासमोर ठेवली. काकांचं अक्षर वायरमनचं, खांबांसारखं सरळ. नऊ वर्षांच्या नऊ सभा, आणि प्रत्येकीची पहिली ओळ तीच. मा. पंतप्रधान सुमनताई रजेवर. काळजीवाहू, काशिनाथ. खाली वर्षभरात कुणाबरोबर कुठं बसलो त्याची नोंद. डोळ्याच्या ऑपरेशनला कल्याण. दाखल्याला मुरबाड. आणि अगदी शेवटच्या पानावर, शहापूर कचेरी, सुमनबरोबर. न बोलवता गेलो. तिला एकटीला भीती वाटत नाही, मला वाटली.

मी काकींना म्हटलं, मी त्यांना फार वाईट बोलले होते. मला वाटलं होतं, काय बोलले ते निदान काकींना तरी माहीत असेल. त्या म्हणाल्या, "तुमचं कायतरी बिनसलं इतकंच मला ठावं. दर वर्षी इचारायची, काय बोलली ओ पोर? तर म्हणायचे, काय नाय, ती रजेवर हाये." मग मला रडू आलं. काकींनी येऊ दिलं.

गेल्या रविवारी सभा झाली. मी गेले. नऊ वर्षांपूर्वी काय बोलले होते ते सगळ्यांसमोर पुन्हा उच्चारलं आणि ते खोटं होतं, बोलताना मला माहीत होतं की ते खोटं आहे, असंही सांगितलं. मग नव्या पंतप्रधानाचा विषय निघाला. वहीप्रमाणे नंबर काशिनाथकाकांचा होता. जीपवाले म्हणाले, आता पुढचं नाव घेऊ, काय करणार... काकी पदर सावरत उठल्या. त्यांना वाचता येत नाही, पण घटना त्यांनी इतकी वर्षं ऐकली होती. "पंतप्रधान जिता पायजे, असं कुठल्या कलमात हाये?" त्यांनी विचारलं. मी घटनेची वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. नव्हतं. बाबांच्या तेही डोक्यात आलं नव्हतं.

मी तांब्यातून पेला भरला आणि काकांच्या वतीने काकींच्या हातात दिला. त्या सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत पाणी प्यायल्या आणि रिकामा पेला त्यांनी मला परत केला.

तेव्हा सध्या आमच्या देशाचे पंतप्रधान काशिनाथकाका आहेत. उद्या पाड्यावरच्या एका बाईबरोबर मुरबाडला बँकेत बसायला जायचं आहे, त्यासाठी मी शाळेत अर्ज दिलाय. वही आता माझ्याकडे असते. पहिली ओळ लिहून झाली आहे. मा. पंतप्रधान काशिनाथकाका रजेवर. काळजीवाहू, सुमन.