थोरली आणि धाकटी

लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. मग मिस्त्री हळूच म्हणायचे, "बोलतीय."

माधवनगरच्या आमच्या गिरणीमागची ती शेड तुमच्यापैकी कुणी पाहिली असेल, तर त्याला हे आठवेल. उन्हाच्या तिरिपेत कापसाची तुसं तरंगत असायची आणि तो ताडमाड माणूस वाकून, गाभाऱ्यात उभा असल्यासारखा स्तब्ध.

मालकांच्या दोन अमेरिकन गाड्या होत्या. युद्धाआधीची काळी, उंच, गोल डोळ्यांची ब्युईक, आणि बऱ्याच वर्षांनी आलेली आकाशी, मागं पंख फुटलेली इंपाला. मिस्त्री त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत.

मी गिरणीतला तरुण कारकून. एकदा विचारलं, "मिस्त्री, चांगली कुठली?"

"आवं साहेब, थोरली कुरकुरती, चढाला धापा टाकती. पर कुठं दुखतंय ते सांगती. धाकटी लोण्यावानी पळती, पर मुकाट सोसती."

"माझ्यासाठी कुठली?"

"धाकटी. तुमाला ऐकून घ्यायची सवय न्हाई."

खंडेनवमीला यंत्रांना विश्रांती. मिस्त्री त्या दिवशी रेडिएटरचं पाणी काढून टाकत, गाड्यांना हार घालत आणि दसऱ्याला सकाळी ताजं पाणी भरूनच किल्ली फिरवत. त्या दिवशी गाडी काढायची नसते, एवढं मला माहीत होतं. पाण्याचं नव्हतं. माझं लग्न तासगावला ठरलं होतं, सासरवाडीला दिपवायचं होतं. मिस्त्री जेवायला गेलेले पाहून मी धाकटी काढली. काचा वर, रेडिओ चालू, दोन्हीकडे ऊस. स्वप्नात तरंगावं तसा चाललो होतो. कवलापूरच्या पुढे जळका वास आला. गाडी निवू दिली, कशीबशी परत आणून लावली, हार सारखा केला आणि गप्प बसलो.

दसऱ्याला मिस्त्रींनी पाणी भरून किल्ली फिरवली. नुसता खडखडाट. त्यांनी मुठीला कान लावला. मग स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"बिनपाण्याची चालवलीस?" मालक ओरडले.

मिस्त्रींनी आत सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चुकलं, मालक."

मिस्त्रींचं काम त्याच दिवशी गेलं. 'पाणी विसरलेला मिस्त्री' हे नाव मात्र माधवनगरात राहिलं. ते कडेगावला, आपल्या गावी निघून गेले. मी संसार केला, पेन्शन घेतली, गप्पच राहिलो. आता लिहून ठेवतो: मिस्त्री पाणी कधीच विसरले नव्हते.

यंदा खंडेनवमीला कडेगावला त्यांच्या घरी गेलो. मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झालेली. पाटावर तो स्क्रू-ड्रायव्हर, त्यावर झेंडू. त्यांच्या लेकीला सगळं सांगितलं.

"आबास्नी ठावं हुतं," ती म्हणाली. "सीट पुढं वढलेली हुती म्हनं. गाडी चालवनारा एवढा बुटका मानूस गिरनीत एकच."

"मग बोलले का नाहीत?"

"तुमचं लगीन मोडलं असतं, म्हनायचे. पर तुमी येऊन सांगाल म्हनून दर दसऱ्याला दारात बसायचे."

स्क्रू-ड्रायव्हर उचलून मुठीला कान लावावा म्हणून मी हात पुढं केला.

"आज न्हाई," ती म्हणाली. "आज त्याला इसावा. उद्या या."

मी हात मागं घेतला.